ठासणीची बंदूक: घरात ठेवावी की संग्रहालयाला द्यावी?

वाड्याचा नातू
सोलापुरात बाळीवेशीतला आमचा वाडा उतरवताना माळ्यावर, फाटक्या चादरीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली. पोलीस ठाण्यात कळवलं, सध्या ती तिथेच जमा आहे. घरचे म्हणतात, संग्रहालयाला देऊन टाक. मला ते अजिबात पटत नाही.

लॉकवर, म्हणजे घोडा बसतो त्या लोखंडी पट्टीवर, मुकुट, ‘टॉवर’ हा इंग्रज सरकारी छाप आणि 1860. वरवर बघणारा म्हणेल, 1853 ची एनफिल्ड रायफल. पण एनफिल्डची नळी .577 इंचाची आणि आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. हिच्यात आटेच नाहीत, नळीचं तोंड मोठं, नेम धरायची मागची साइट एका जागी पक्की. म्हणजे 1858 चा नमुना. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हातातली आट्यांची रायफल काढून घेतली आणि ही गुळगुळीत नळीची दिली. जाणूनबुजून! गोऱ्या पलटणीचा मारा लांबचा, आपल्या माणसांचा जवळचा. तो सगळा अविश्वास नळीच्या आत आहे. काचेच्या पेटीत लोकांना लाकूड आणि पितळ दिसेल, आत कोण डोकावणार? अशी वस्तू जाणत्या माणसाच्या हाताखालीच राहिली पाहिजे.

चार पुतळ्यांजवळ
सत्तावनचा अविश्वास तुम्हाला दिसला, मग आपल्याच गावाचं 1930 का आठवलं नाही? मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. ज्या सरकारच्या बंदुकांखाली हे शहर दबलं, त्या सरकारची बंदूक दिवाणखान्यात टांगायची? माझा विरोध वस्तूला नाही, हौसेला आहे. ती सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, तिच्या इतिहासासकट असावी.

निवृत्त हवालदार, एसआरपी
दादा, आधी एक काम करा. बंदूक ठासलेली नाही ना, हे ठाण्यातल्या आर्मररकडून, म्हणजे हत्यारं सांभाळणाऱ्याकडून, बघून घ्या. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावायचा. कानाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या मागच्या छिद्राच्या, बऱ्याच आधी थांबला, तर आत काहीतरी आहे. शंभर वर्षांनीही बार आत राहिलेला असतो.

दुसरं, नुसत्या लॉकवर विश्वास ठेवू नका. लॉक बदलतात, आणि बाजारात ‘टॉवर’ ठोकलेला नकली मालही भरपूर. ‘व्हीआर’ (राणी व्हिक्टोरियाची अक्षरं) आणि खाली 1901 नंतरचं साल दिसलं तर सरळ परत ठेवा, राणी 1901 च्या जानेवारीतच वारली.

आणि चौकवाले भाऊ, जुनी रायफल म्हणजे परक्याचीच, असं नका म्हणू. आम्ही थ्री नॉट थ्रीवर, म्हणजे .303 च्या रायफलीवर, शिकलो. दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी पट्ट्यावर उजवीकडे बघा. मुकुट आणि ‘जीआरआय’ (राजा जॉर्जची अक्षरं) असेल तर राजाच्या काळातली, अशोकस्तंभ असेल तर आपली. ईशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनली, पुढे साठच्या दशकात तिचीच 7.62 मिमीची आवृत्ती, टू-ए, आली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती.

कोर्टाच्या आवारातून
कायदा मध्ये आणतो, कारण इथे तोच निर्णायक आहे. शस्त्र कायदा 1959, कलम 45. जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच. नाहीतर परवाना. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका माणसाला दोनच बंदुका. थ्री नॉट थ्री तर प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला सहसा परवाना न मिळणाऱ्या मापाची, तिचा संग्रह विसरा.

वाड्याचा नातू
म्हणजे परवान्याशिवाय ठेवायची तर नळीत भोक पाडून ती कायमची बुजवायची. जी नळी वाचवायला मी भांडतोय, तीच! ते माझ्या हातून होणार नाही. परवान्यासाठी अर्ज करतो.

चार पुतळ्यांजवळ
परवाना तुमच्या नावाचा. तुमच्यानंतर? मुलांनी नको म्हटलं की भंगारात. संग्रहालयात नळीला भोक पाडावं लागत नाही. काचेबाहेर एक आरसा आणि दिवा लावायला सांगा, आतले नसलेले आटे शाळेची पोरंसुद्धा बघतील.

वाड्याचा नातू
आरशाचं लेखी देणार असतील तर विचार करतो. तोंडी नाही चालणार. तोवर माझा अर्ज जातोय.

निवृत्त हवालदार, एसआरपी
अर्ज नंतर. गज घालून बघितला का?