फौजी फॅक्स: कंट्रोल रूममध्ये ठेवावा की निकालात काढावा?

कॅम्पकर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सैन्याच्या सिग्नल्स (संदेशवहन) दलातून निवृत्त झालेली बरीच मंडळी आहेत, म्हणून हा वाद इथेच काढतोय. "फॅक्सचे दिवस गेले, रग्ड (फील्डसाठी मजबूत बांधणीचा, म्हणजे फौजी) असो की साधा, निकालात काढा" असं सध्या जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. सैन्याच्या फील्ड ठाण्यात तर तो हवाच, आणि कृष्णा-दूधगंगेला पूर आल्यावर टॉवर बंद पडतात तेव्हा आपल्या जिल्ह्यांच्या कंट्रोल रूममध्येही हवा, असं माझं मत आहे.

ऑफिसातला फॅक्स आणि फौजी फॅक्स ही दोन वेगळी यंत्रं आहेत. ऑफिसातला ग्रुप ३ फॅक्स टी.३० च्या नियमाने चालतो. पान सुटण्याआधी दोन्ही मशिनी एकमेकींशी बोलतात. समोरची मशीन स्वतःची क्षमता सांगते, आपली मशीन वेग ठरवते, दीड सेकंद चाचणीचा सिग्नल जातो, तिकडून होकार आला की मगच पान सुटतं. पान संपल्यावर पुन्हा विचारणा. प्रत्येक उत्तराची वाट साधारण ३ सेकंद बघतात. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही की लाइन सोडतात. आता हीच मशीन क्रिप्टो (मजकूर गुप्त करणारं यंत्र) लावलेल्या रेडिओवर चढवा. पीटीटी (बोलण्याचं बटण) दबणं, क्रिप्टोचं सिंक लागणं (दोन्हीकडचं क्रिप्टो जुळणं), समोरचा सेट रिसीव्हवरून ट्रान्समिटवर येणं, यातच ते ३ सेकंद उडतात. मशीन चांगली, रेडिओ चांगला, तरी पान जात नाही.

फौजी फॅक्स, म्हणजे अमेरिकेच्या मिल-एसटीडी-१८८-१६१ किंवा नाटोच्या स्टॅनॅग ५००० या मानकांवरचा, हँडशेकशिवाय, म्हणजे आधीच्या बोलाचालीशिवाय, एकतर्फी पाठवू शकतो. मधे मोडेम नाही, बिट थेट क्रिप्टोत शिरतात. पाच ठाण्यांनी एकाच वेळी तोच कागद घ्यायचा तर घेता येतो, आणि कुणालाच उलट ट्रान्समिट करावं लागत नाही. रेडिओ सायलेन्स असताना असा कागद दुसऱ्या कशाने पोचवणार ते सांगा.

निपाणीकर

कॅम्पकर साहेब, एकतर्फीचा मुद्दा बरोबर आहे, पण कागदाचं चित्र पाठवायचंच कशाला? जरा हिशोब मांडू.

फॅक्सच्या एका ओळीत १७२८ ठिपके. ए-४ पान फाइनमध्ये, म्हणजे मिलिमीटरला ७.७ ओळींनी, साधारण २२८७ ओळींचं होतं. एकूण ३९.५ लाख बिट. सेकंदाला २४०० बिटांच्या रेडिओ लिंकवर कॉम्प्रेशनशिवाय हे पान जायला २७ मिनिटं लागतात. दहापट कॉम्प्रेशन धरलं तरी पावणेतीन मिनिटं. तोच मजकूर टाइप करून पाठवला तर दोन किलोबाइट, म्हणजे सात सेकंद. पावणेतीन मिनिटं हवेत राहणारा सेट कुठे आहे ते शत्रूच्या डायरेक्शन फाइंडरला (सिग्नलची दिशा शोधणाऱ्या यंत्राला) आरामात काढता येतं. सात सेकंदांत त्याला त्या मानाने कमी संधी मिळते. गुप्तता म्हणजे नुसता मजकूर लपवणं नव्हे, पाठवणारा लपणं हाही तिचाच भाग आहे.

कॅम्पकर

२४०० हा एचएफचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओचा आकडा झाला. व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर, १६ किलोबिटची क्रिप्टो चॅनेल असते, अमेरिकेच्या व्हिन्सन कुटुंबातले सेट त्याच वेगाचे. तिथे हेच कच्चं पान चार मिनिटांत जातं, कॉम्प्रेस केलं तर २५ सेकंदांत.

जांबोटीकर

दोघंही कॉम्प्रेशनचं नाव सहज घेताय, पण फील्डमध्ये सगळी गंमत बिघडते ती तिथेच. आमच्याकडे पावसाळ्यात लाइनीवर किती खरखर असते ते वेगळं सांगायला नको. कोडिंगचे प्रकार बघा: एक कच्चे बिट, आणि एमएच, एमआर, एमएमआर ही फॅक्सची कॉम्प्रेशनची तीन कोडिंगं.

कच्च्या बिटांत एक बिट उलटला तर पानावर एक ठिपका चुकतो. वाचणाऱ्याला कळतही नाही. एमएच कोडिंगमध्ये एक बिट चुकला की त्या ओळीचा उरलेला भाग जातो, पुढच्या ओळीच्या खुणेपाशी मशीन सावरते. एमआरमध्ये ओळ ही आधीच्या ओळीच्या फरकावरून काढलेली असते, म्हणून चूक खाली उतरत जाते; साध्या रिझोल्यूशनला दर दुसरी ओळ नव्याने पाठवतात, फाइनला चौथी, म्हणून ती तेवढ्यावर थांबते. एमएमआरमध्ये असा थांबाच नाही. एक चूक आणि खालचं सगळं पान बाद. म्हणून एमएमआर फक्त ईसीएम (चुकलेला भाग परत मागवायची सोय) चालू असतानाच वापरतात. ईसीएममध्ये २५६ फ्रेमांपर्यंतचा (फ्रेम म्हणजे बिटांचा तुकडा) एक गठ्ठा जातो, खराब फ्रेमा परत मागवल्या जातात. पण परत मागवायला उलटी वाट लागते, आणि एकतर्फीत तीच नसते.

थोडक्यात, दहापट कॉम्प्रेशन, एकतर्फी आणि खराब लिंक या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. एरर करेक्शनचे जादा बिट आधीच जोडून पाठवावे लागतात, म्हणजे वेळ पुन्हा वाढला. दुसरं, स्ट्रीम सायफर (बिटामागून बिट गुप्त करणारी पद्धत) असेल आणि मधे एक बिट गळला किंवा जादा घुसला, तर तिथून पुढे नुसता काळा-पांढरा कचरा छापला जातो. पान मधूनच राखेसारखं झालं तर मशीन उघडत बसू नका, ते क्रिप्टोचं सिंक सुटलेलं असतं. पान पहिल्यापासूनच तसं येत असेल तर दोन्हीकडची की (क्रिप्टोची गुप्त किल्ली) एकच आहे का आणि की बदलायची वेळ दोन्हीकडे एकाच घड्याळावर आहे का, ते आधी तपासा.

हिंडलग्याची लेक

सगळे वायरीवर आणि हवेतल्या बिटांवर बोलताहेत. गुप्त कागद फुटतो तो दोन टोकांना.

साध्या ऑफिसातला थर्मल ट्रान्सफर फॅक्स घ्या, शाईच्या फिल्मचा रोल असतो तो. पान छापताना फिल्मवरची शाई जिथून निघते तिथे ते अक्षर पारदर्शक राहतं. वापरलेला रोल उजेडाकडे धरला की आलेली पानं एकापाठोपाठ एक वाचता येतात. ५० मीटरच्या रोलवर ए-४ ची साधारण १६८ पानं बसतात, म्हणजे काही महिन्यांचा पत्रव्यवहार कचऱ्याच्या बादलीत. गुप्त कागद येतात तिथे ही जात ठेवायचीच नाही. थेट थर्मल कागदाची मशीन घ्यायची. आधीच असेल तर रोलही कागदाइतकाच गुप्त समजून नोंदवहीत चढवा आणि दोघांच्या सहीने जाळा.

दुसरं, मेमरी. कागद संपला की मशीन पान मेमरीत घेते आणि कागद घातला की छापते, त्या वेळी समोर कोण उभं आहे ते बघत नाही. मशीन दुरुस्तीला बाहेर जाते तेव्हा ती मेमरीही सोबत जाते.

तिसरं, २०१८ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी एचपीच्या ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये नुसत्या फोन लाइनवरून बिघडवलेली फॅक्स फाइल पाठवून शिरकाव करून दाखवला आणि तिथून आतल्या नेटवर्कमध्ये गेले. एचपीने नंतर दुरुस्ती दिली. फॅक्सला इंटरनेट नाही म्हणून तो सुरक्षित, हे गणित तिथेच मोडतं. ज्या मशीनला लॅनची वायर लावली आहे तिला फॅक्स म्हणू नका, तो कॉम्प्युटर आहे.

कॅम्पकर

ताई, हे सगळं मान्य. पण हे साध्या फॅक्सचे दोष आहेत. फौजी मशीन घेतानाच लॅनचं तोंड नसलेली आणि थर्मल कागदाची घेता येते, मेमरी पुसायची सोय मागता येते. आतल्या हेडच्या करंटमधून जे रेडिओ उत्सर्जन बाहेर पडतं तेही टेम्पेस्टच्या (उत्सर्जनातून मजकूर फुटू नये यासाठीच्या) नियमांनी अडवलेलं असतं. शिवाय लाल-काळ्याची शिस्त: उघडा मजकूर वाहणारी वायर लाल, क्रिप्टोतून बाहेर पडलेली काळी, दोन्ही एका पाइपातून न्यायच्या नाहीत, पॉवर फिल्टर वेगळे.

हिंडलग्याची लेक

मग साहेब, ती शिस्त कोण पाळणार ते लिहा. लाल वायर काळ्या वायरीला समांतर जवळून ओढली की क्रिप्टो असून नसल्यासारखा. जागा अपुरी असली की खोली लावताना पहिली हीच गोष्ट मोडते. पेटी मजबूत आहे म्हणजे कागद गुप्त राहिला असं होत नाही.

उद्यमबागचा फिटर

पेटीचंही बोलू या, कारण "रग्ड" शिक्का बघून लोक फसतात. वस्तू कुठल्या चाचणीतून गेली ते विचारा. मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी फौजी चाचणी-मानकात पद्धतींना क्रमांक आहेत: ५०१ उष्णता, ५०२ थंडी, ५०६ पाऊस, ५०७ दमट हवा, ५१० धूळ, ५१४ कंपनं, ५१६ धक्का. नुसतं "८१० पास" लिहिलं असेल तर कुठली पद्धत आणि किती वेळ, ते कागदावर मागा. आपल्याकडे भारतीय खरेदीत जेएसएस ५५५५५ या आपल्या फौजी चाचणी-मानकाचा रिपोर्ट मागतात.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे, खरा शत्रू दमटपणा आहे. ५०७ चा रिपोर्ट नसलेली मशीन तिकडे नेऊ नका. काय बिघडतं ते सांगतो.

रबरी रोलर चकचकीत आणि टणक होतो, मग कागद घसरतो आणि पान लांबीला चेपलेलं येतं. आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून काही दिवस चालतं, नंतर रोलर बदलावाच लागतो. पानावर उभी पांढरी रेघ आली तर पाठवणाऱ्याकडून आली की छापणाऱ्याकडून, ते मशीनवरच एक कॉपी काढून बघा आणि सेल्फ-टेस्टचं पान छापा. दोन्हींत रेघ असेल तर हेड: घाण, नाहीतर मेलेला ठिपका. फक्त कॉपीत असेल तर स्कॅनरच्या काचेवरचा डाग. काळी उभी रेघ बहुधा काचेवरचीच. थर्मल हेडवर कधीही ब्लेड किंवा पॉलिश पेपर चालवू नका, वरचा संरक्षक थर गेला की हेड गेलं.

थर्मल कागद उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला की काळा पडतो आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवला की फिका होतो, कारण पीव्हीसीतलं तेल रंग खातं. टिकवायचा कागद आल्या दिवशीच झेरॉक्स करा आणि ती झेरॉक्सही नोंदवा.

गार पेटी एकदम दमट खोलीत उघडली की आत पाणी धरतं. झाकण बंद ठेवून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

अर्थिंगचं विसरू नका. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग सहसा लागत नाही नीट. एका सळीवर भागत नाही, दोन-तीन सळ्या अंतर ठेवून घाला, जोडा आणि अर्थ टेस्टरने मोजा. वळवाच्या विजेत फोन लाइनला जोडलेली मशीन आधी जाते. लाइनवर गॅस डिस्चार्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) नसेल तर रग्ड पेटीतलाही लाइन कार्ड जळतो.

निपाणीकर

फिटर अण्णांनी एवढी देखभाल सांगितली, तीच माझी बाजू झाली. रोलर, हेड, कागद, हे सगळं टाइप केलेल्या संदेशाला लागतच नाही. एक रग्ड टॅब्लेट, एक क्रिप्टो, एक रेडिओ. वर डिजिटल सही लावली तर आयटी कायदा, २००० प्रमाणे तिला मान्यता आहे, मधे एक अक्षर बदललं तरी सही फेल दाखवते. फॅक्सवरची सही म्हणजे सहीचं चित्र. चिकटवून पाठवली तरी पलीकडे तशीच दिसते.

जांबोटीकर

सहीच्या बाबतीत निपाणीकर बरोबर. पण एक गोष्ट या पट्ट्यात महत्त्वाची आहे. इथे एकाच फायलीत कन्नड, मराठी आणि इंग्रजी कागद असतात. नुडी या सॉफ्टवेअरातला कन्नड मजकूर किंवा श्रीलिपी या सॉफ्टवेअरातला मराठी मजकूर दुसऱ्या मशीनवर युनिकोड न करता उघडला की रोमन अक्षरांचा चुरा होतो. हाताने काढलेला नकाशा, बंधाऱ्याचं रेखाचित्र, तलाठ्याने पेनने भरलेला तक्ता हे टाइप करायला वेळ नसतो. फॅक्सला लिपीशी देणंघेणं नाही.

मात्र त्यासाठी फाइनच ठेवा. स्टँडर्डला मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे दोन ओळींत ०.२६ मिलिमीटर अंतर. १० पॉइंटच्या देवनागरीतला अनुस्वार अर्धा मिलिमीटरही भरत नाही. त्यावर एखादी ओळ पडते, खरखर असेल तर तीही जाते. कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खालचं अक्षर) अक्षराखाली बारीक असतात, ते आधी बुजतात. आकड्यांत १ आणि ९ ची गल्लत होते. विसर्गाचा आकडा एक लाख क्युसेकऐवजी नऊ लाख वाचला गेला तर काय होईल? म्हणून महत्त्वाचा आकडा अक्षरातही लिहावा, १४ पॉइंटच्या खाली जाऊ नये, आणि पान पोचल्यावर पलीकडच्याने आकडे वाचून दाखवावेत.

हिंडलग्याची लेक

पोचल्याचंही एक. नोव्हेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या राजभवनाचा फॅक्स चालला नाही म्हणून सरकार स्थापनेचं पत्र पोचलं की नाही यावर देशभर वाद झाला. मशीनचा "ओके" रिपोर्ट म्हणजे पलीकडच्या मशीनने पान घेतलं, एवढंच. माणसाने घेतलं असा त्याचा अर्थ नाही. एकतर्फीत तर तोही रिपोर्ट नाही. प्रत्येक पानावर अनुक्रमांक, एकूण पानं आणि पाठवल्याची वेळ असावी. घेणाऱ्याने खंड पडलेला क्रमांक लगेच कळवावा. सायलेन्स असेल तर तेच पान ठरलेल्या वेळी दुसऱ्यांदा पाठवावं.

कॅम्पकर

हे मी माझ्या मूळ मतात जोडतो. आणि पुराच्या कंट्रोल रूमविषयी एक बदल: आपणहून रेडिओवर क्रिप्टो चढवता येत नाही, त्याला परवाना लागतो, आणि हॅमवर (हौशी रेडिओवर) तर एनक्रिप्टेड मजकुराला मनाईच आहे. तिथे पोलीस वायरलेसच्या वाटेनेच जावं लागेल. फील्ड ठाण्यासाठी मात्र मी फॅक्सच धरून आहे.

निपाणीकर

नकाशा आणि रेखाचित्रासाठी ठेवा, माझी हरकत नाही. साध्या मजकुरासाठी पावणेतीन मिनिटं हवेत राहणं मला मान्य नाही.

चंदगड रस्ता

कंट्रोल रूममधला साधा फॅक्स तांब्याच्या लाइनवरून फायबरवर आल्यापासून अर्ध्या पानात तुटतो. मशीनचा दोष की लाइनचा?

जांबोटीकर

बहुधा लाइनचा. फायबरचा फोन आवाजाचे पॅकेट करून पाठवतो, ते मागेपुढे झाले की मोडेमचं सिंक सुटतं. कंपनीला सांगून कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी.७११ करून घ्या, जी.७२९ वर फॅक्स चालतच नाही. त्यांच्याकडे टी.३८ (पॅकेटांवरून फॅक्स नेण्याची पद्धत) असेल तर तो चालू करायला सांगा. सायलेन्स सप्रेशन (शांततेच्या वेळी काहीच न पाठवणं) बंद ठेवायला सांगा. मशीनमध्ये वेग १४४०० वरून ९६०० वर आणा, ईसीएम चालू ठेवा. तरी तुटलं तर ७२०० ला एक पान पाठवून बघा. ७२०० ला नीट गेलं आणि ९६०० ला नाही, तर मशीन उघडू नका, लाइनचीच तक्रार नोंदवा.