गादी घेताना काय पाहिलंत? अनुभव सांगा

नवी गादी घ्यायची आहे. दुकानात दोन मिनिटं बसलं की सगळ्याच गाद्या छान वाटतात, खरी परीक्षा सहा महिन्यांनी. तुमची गादी कशी निघाली आणि विक्रेत्यावर विश्वास कशामुळे बसला, ते लिहा. फसगत झाली असली तर तीही, फक्त दुकानाचं नाव नको.

—

माझी फसगत झाली. '४० डेन्सिटीचा फोम' म्हणून घेतलेल्या गादीला वर्षभरात कमरेखाली खड्डा पडला. कव्हर काढून फोम वजन केला. ६ फूट बाय ३ फूट, ४ इंच जाड, म्हणजे साधारण ०.१७ घनमीटर. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो, तेव्हा वजन ६.८ किलोच्या आसपास हवं होतं. भरलं साडेचार! दुसरी गादी घेताना दुकानदाराला आधीच म्हटलं, वजन करून दाखवा आणि डेन्सिटी बिलावर लिहा. पहिल्या दोन दुकानांत टाळाटाळ झाली. तिसऱ्याने न बोलता काटा आणला. तिथूनच घेतली, पाच वर्षं झाली, अजून सपाट आहे.

—

कव्हरची चेन उघडून आत नक्की बघा. आमच्या 'मेमरी फोम' गादीत वर त्या फोमचा, म्हणजे अंगाच्या आकाराप्रमाणे दबणाऱ्या फोमचा, एक इंचाचा थर होता आणि खाली रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम. तो वाईट नसतो, कडक गादी हवी असेल त्याला चालतो. पण आम्हाला ते सांगायला हवं होतं.

—

कंबरदुखीमुळे मी कितीतरी वर्षं फळीसारख्या कडक गादीवर झोपत होते. कंबर तशीच, वर कुशीवर झोपल्यामुळे खांदाही धरायला लागला. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवरचा अभ्यास आला होता, त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. हे मला फार उशिरा कळलं. मध्यम गादी घेतली ती दुकानात पंधरा मिनिटं कुशीवर पडून पाहिल्यावरच. विक्रेत्याने घाई केली नाही, उलट उशी आणून दिली आणि तुम्ही कसं झोपता, रात्री उकडतं का, असं विचारत बसला. त्या चौकशीचं मला फार अप्रूप वाटलं.

—

बाळ शेजारी झोपत असेल तर पॉकेट स्प्रिंग बघा. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे आपण कूस बदलली तरी हादरा पलीकडे फारसा जात नाही. जुन्या, एकमेकींत गुंतलेल्या स्प्रिंगांच्या गादीवर आमचं बाळ दर वेळी जागं व्हायचं.

—

वॉरंटीचा कागद दुकानातच वाचा. दहा वर्षांची वॉरंटी होती, पण खड्डा एक इंचापेक्षा खोल हवा आणि गादीवर डाग नको, अशा अटी होत्या. आमचा खड्डा पाऊण इंचाचा आणि चहाचा एक डाग. आता नवी गादी घरात आली की आधी धुता येणारं कव्हर घालतो, मग चादर.