मदत हवी आहे: लाईन फॉलोअर जागच्या जागी गोल फिरते, उद्या डेमो

गोलगोल_गाडी: रोबोटिक्सचा पहिलाच कोर्स, मेकॅनिकल दुसरं वर्ष. उद्या ११ वाजता लॅबमध्ये डेमो. लाईन फॉलोअर, म्हणजे काळ्या पट्टीवरून आपोआप जाणारी गाडी. पट्टीवर ठेवली की गिरकीच घेत बसते. गुरुवारपर्यंत मस्त चालत होती. सगळं दोनदा तपासलं. लवकर सांगा प्लीज.

तर्री_पोहा: सगळं म्हणजे काय बे? बोर्ड कोणता, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर कोणता, बॅटरी कोणती? गाडीचा फोटो तरी टाक.

गोलगोल_गाडी: बे नाही, मुलगी आहे मी. बोर्ड आर्डुइनो उनो, ड्रायव्हर एल२९८एन, चाकांना दोन छोट्या बीओ मोटर, पट्टी ओळखायला दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर. डावं चाक फिरतच नाही. बॅटरी ९ व्होल्टची, आजच नवीन आणली.

तर्री_पोहा: सॉरी ताई.

बुटीबोरीवाला: सापडला घोळ. ती चौकोनी बॅटरी मोटरसाठी नसते, करंट देता देता तिचा जीव जातो. त्यात एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. १८६५० चे दोन लिथियम सेल लाव, विषय संपला.

तर्री_पोहा: संपला कसा? बॅटरी बसली असती तर दोन्ही चाकं ढेपाळली असती. एकच काहून बंद? ताई, ड्रायव्हरवर दोन्ही मोटरच्या वायरींची अदलाबदल करा. डावंच चाक बंद राहिलं तर मोटर गेली. उजवं बंद पडलं तर मोटर ठीक, दोष मागे, ड्रायव्हर, बोर्ड नाहीतर कोडमध्ये.

बुटीबोरीवाला: आठ वर्षं झाली प्लांटमध्ये पॅनल उघडून राहिलो मी. दहातून नऊदा सप्लायच निघतो.

तर्री_पोहा: ही दहावी असेल.

धंतोलीचे_काका: आमच्या वेळी ८०५१ चिपवर असेंब्ली भाषेत लिहायचो. एक चूक झाली की प्रोग्रॅम साठवणारी ईप्रॉम चिप अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीस मिनिटं पुसत ठेवायची, तोवर चहा. आता तयार कोडची लायब्ररी जोडली की झाले इंजिनीअर! आत ती काय करते, कोणी पाहत नाही.

सदरची_सई: सेल सीताबर्डीत मिळतील. दुपारी जाऊ नका, ऊन भयंकर आहे.

तर्री_पोहा: सेल मागितले कोणी?

सदरची_सई: उन्हावरून आठवलं, गाडी खिडकीपाशी चालवता का? उन्हातही इन्फ्रारेड असतं. आमची घरी ट्यूबलाईटखाली सरळ जायची आणि लॅबच्या खिडकीसमोर आली की वेड्यासारखी करायची.

गोलगोल_गाडी: पडदा ओढला, तसंच. वायरी बदलल्या, आता उजवं बंद आणि डावं फिरतं.

रोबोवेडा_४४: उनो टाका हो, ईएसपी३२ बोर्ड घ्या. आणि आतापासून आरओएस (रोबोटचं सॉफ्टवेअर) शिका, पुढे तेच लागतं.

तर्री_पोहा: तिचा डेमो उद्या आहे, तू पुढचं सांगून राहिला. ताई, ड्रायव्हरची ईएनए, म्हणजे वेग ठरवणारी वायर, उनोच्या कोणत्या पिनवर? आणि गुरुवारनंतर काय बदललं?

गोलगोल_गाडी: ईएनए (डावी) ९ वर, ईएनबी (उजवी) ५ वर. बदललं काहीच नाही. फक्त समोर डबा ठेवला की गाडी थांबली पाहिजे म्हणाले सर, म्हणून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि त्याची मान वळवायला छोटी सर्व्हो मोटर. पण ती १२ वर आहे. मोटरच्या कोडला हातही लावला नाही.

तर्री_पोहा: "फक्त"! अरे बाप्पा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. उनोवर सर्व्होची लायब्ररी चिपमधला टायमर १ स्वतःकडे घेते, आणि ९ व १० चं पीडब्ल्यूएम (पिन भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं) त्याच टायमरवर चालतं. सर्व्हो १२ वर असो की कुठेही, त्या दोन पिनांवर एनालॉगराईट कमांडचा मधला वेग मिळत नाही. खात्री करायची तर डाव्याला पूर्ण २५५ देऊन पाहा, तेवढ्यावर फिरेल. मग ईएनए ६ वर न्या, कोडमध्येही ९ चं ६ करा. आणि वायरी परत जागेवर लावा, नाहीतर गाडी पट्टी सोडून भलतीकडे वळेल.

धंतोलीचे_काका: मी काय म्हणत होतो?

तर्री_पोहा: काका, तुम्ही चहाचं सांगत होते.

गोलगोल_गाडी: २५५ वर खरंच फिरलं!! ६ रिकामीच होती, तिथे नेलं. पट्टीवरून जाते आता, डब्यासमोर थांबतेही. वळणावर जराशी अडखळते फक्त.

बुटीबोरीवाला: बॅटरी.