मदत हवी आहे: कलंडणारी कॉइल पोरं हाताने धरायला जातात

मंडळी, भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये शिफ्ट बघतो. आमच्याकडे स्लिटिंग होऊन, म्हणजे रुंद पत्रा उभा चिरून, अरुंद कॉइली (पोलादी पत्र्याची गुंडाळी) येतात. रुंदी ९० मिमी, बाहेरचा व्यास १२०० मिमी, भोक ५०८ मिमी, एकीचं वजन साडेसहाशे किलो. चार-चार एकत्र पट्टीने बांधलेल्या. सी-हुकने (कॉइलच्या भोकात घालायचा सी आकाराचा आकडा) उतरवून भिंतीलगत उभ्या करतो, खाली लाकडी पाचर.

मंगळवारी हेल्परने पट्टी कापली आणि कडेची कॉइल कलंडली. शेजारचा पोरगा दोन्ही हात पुढे करून धरायला धावला! नशिबाने मध्ये रिकामी ट्रॉली होती, कॉइल तिच्यावर आदळली. ट्रॉलीचा पाइप पार वाकला.

घरी येऊन हिशेब केला. चार एकत्र असताना तळ ३६० मिमी, पट्टी सुटली की एकेकीचा फक्त ९०. वजनाचा मध्य ६०० मिमी वर. म्हणजे जेमतेम सव्वाचार अंश कलली की गेली. आमच्या फरशीला खड्डे आहेत ते वेगळेच.

शेड लहान, टिल्टर (आडवी कॉइल उभी करायचं मशीन) नाही, मालक म्हणतात जागा नाही. काय करू? आणि हात पुढे करायची सवय कशी मोडायची? रोज सांगतो, माना डोलावतात.

प्रतिसाद १
पाचर गडगडणं थांबवते, कलंडणं नाही. जमिनीत बोल्ट केलेले खांब लावा, बंडलाच्या दोन्ही बाजूंना, कॉइलच्या मध्याच्या वरपर्यंत. बंडल खांबांच्या आत ठेवल्यावरच पट्टी कापायची. कापणाऱ्याने चपट्या बाजूला उभं राहायचं नाही, कॉइल तिकडेच पडते. जागेचं म्हणाल तर खांबाला वीतभर लागते.

प्रतिसाद २
स्लिटिंगवाल्याला सांगा, आडव्या, मध्ये लाकडी पट्ट्या घालून पाठव. पण मग उभ्या करायला टिल्टर लागेलच. एका स्लिंगने (उचलायचा पट्टा) झटक्यात उभी करायला जाऊ नका, घसरते. आणि तुमच्या सी-हुकवर भार लिहिलाय का? चार म्हणजे २.६ टन. सुरक्षित भार ठळक लिहिलेला हवा आणि वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी हवी, हे १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या (२०२५ पर्यंत लागू) २९व्या कलमातच होतं.

प्रतिसाद ३
दादा, गोणी निसटली की हात जातो, लहानपणापासूनचं वळण ते. बोलून जात नाही. आम्ही एक भंगार कॉइल सगळ्यांना लांब उभं करून दोरीने ओढून पाडली. खाली रंगाचा रिकामा डबा ठेवला होता. तो पापडासारखा झाला. नंतर कोणी काही बोललंच नाही. डबा अजून पंचिंग मशीनशेजारी टांगलाय.

धागाकर्ता
हुकवर काही लिहिलेलं नाही, आत्ताच बघून आलो. तोवर एकेकच उचलतो. खांबांचं वेल्डरला विचारलंय. डबा शनिवारी, मालकांनाही बोलावतो.