सावलीला चेहरा का नाही?

रेघोटी
बायकांवरच्या हिंसेविरुद्ध टॅबवर चित्रं काढून पोस्ट करणाऱ्यांपैकी मी एक. परवा जवळच्याच माणसाने ऐकवलं, "लाइक मिळवायचे धंदे." म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे. फोटो जिथे सोसणाऱ्या बाईचाच घात करतो, तिथे चित्र कामाला येतं. नाव, चेहरा उघडा न पाडता घडलेलं सांगता येतं. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर, २०१४ मध्ये 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक आलं. बलात्कार सोसलेली, घरच्यांनीही झिडकारलेली प्रिया देवी पार्वतीच्या बळावर, वाघावर बसून गावात परतते. पानावर मोबाइल धरला की चित्रं जिवंत होतात. ज्या विषयाला घरात टीव्हीचा आवाज कमी होतो, तो पोरांच्या हातात कॉमिक म्हणून गेला. हे थोडं झालं का?

तिरकस
थोडं नाही. पण तिथेही बाईला पार्वती आणि वाघ लागलेच ना! आणि बाकीच्या चित्रांचं काय? अंधारा कोपरा, गुडघ्यात डोकं घातलेली बाई, भिंतीवर उगारलेल्या हाताची सावली. काढणारे बदलतात, बाई तीच. मारणारा कुठाय? सावलीला ना चेहरा, ना शर्ट, ना चष्मा. त्यामुळे घरी हात उचलणाराही निवांत लाइक ठोकून जातो. हे आपल्याबद्दल आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

निळी शाई
कोपऱ्यातल्या बाईबद्दल शंभर टक्के सहमत. पण सगळे तसं काढत नाहीत हो. चित्रकार लीना केजरीवाल यांच्या, मुलींच्या तस्करीविरुद्धच्या 'मिसिंग' या कलाप्रकल्पात मुलीची नुसती काळी आकृती असते, आभाळाला भोक पडल्यासारखी. रडणं नाही, ओरखडे नाहीत. २०१६ मध्ये त्याचाच मोबाइल गेम आला. त्यात तुम्हीच पळवून विकलेली मुलगी असता. नुसतं हळहळून पुढे सरकता येत नाही.

तिरकस
गेम संपला की फोन खिशात. पोलीस चौकीत तक्रार लिहून घ्यायला तो गेम येणारे का?

पाटीपुसणं
तक्रार लिहून घेणार नाही, पण नोंद राहू शकते. मेक्सिकोत मारिया साल्गेरो या बाईंनी २०१६ मध्ये बातम्या चाळून स्त्रीहत्यांचा ऑनलाइन नकाशा भरायला घेतला. एक खून, एक खूण. एकूण आकड्यात विरघळलेल्या बायका तिथे सुट्या सुट्या दिसतात. याला कला म्हणा की खतावणी, मला फरक पडत नाही.

रेघोटी
तिरकस, 'धंदे' हा शब्द अजून मान्य नाही. पण सावलीचं डोक्यातून जाईना. काल रात्री जुनी फाइल उघडली, सावलीचा लेयर बंद केला आणि तिथे माणूस काढायला बसले. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ. आधी जाड मिशा दिल्या, तर सिनेमातला खलनायक झाला. पुसल्या. आता नुसता नवरा दिसतोय. टाकू का?

तिरकस
टाका. लाइक किती कमी होतात बघू.