रेट डिफरन्सचा क्लेम: आधी स्टॉक धरा
दादा, तुम्ही विचारलंय रेट डिफरन्सचे (रेट उतरला की जुन्या रेटच्या मालावरचा फरक कंपनीकडनं मागायचा ते) नि स्कीमचे क्लेम सॉफ्टवेअरवर टाकावेत का, तर टाकाच, आमची निपाणीत साबण-शाम्पूची एजन्सी आहे, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १८ वरनं ५ टक्क्यांवर आला तेव्हा एक्सेलवरचा आमचा क्लेम बॅच नंबर नाही म्हणून परत आला, पैसे अडकले ते अडकलेच. रेट बदलतो त्या रात्रीचा क्लोजिंग स्टॉक, म्हणजे गोडाऊनमधला शिल्लक माल, बॅचवार धरून ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर तरी काय जुळवणार ओ? आणि जीएसटीसकट क्रेडिट नोट (कंपनी बिलातली रक्कम कमी करून देते तो कागद) पाहिजे असेल तर बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत कंपनीला ती जीएसटी रिटर्नमध्ये दाखवावी लागते, त्याचं रिमाइंडर पहिलं लावा. खानापूर, चिकोडीकडं माल सगळा उधारीवर, क्लेम दोन महिने थांबला तरी छोट्या एजन्सीचं भांडवलच बसतं.