अनुभव धागा: जर्मनीतलं जुनं गाव, वाईन फेस्ट आणि आपली माणसं

तासगावकरीण
गावाहून दादाचा फोन आला होता. द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी उरकली, आता पाऊस येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेत सगळे. फोन ठेवला आणि अण्णांना बेर्नकास्टेलला नेलं होतं ते आठवलं.

तेव्हा आम्ही फ्रँकफुर्टला होतो. अण्णा-आई पहिल्यांदाच आलेले. अण्णांना राजवाडे, म्युझियम कशातच रस नाही. चर्च दाखवलं की "बरं हाय" म्हणायचे आणि बाकावर बसायचे. मग हे म्हणाले, सप्टेंबरचा पहिला शनिवार-रविवार आहे, मोझेलकाठी बेर्नकास्टेल-कूसला वाईन फेस्ट असतो, चला. आई म्हणाली, दारूच्या जत्रेत मला कशाला नेताय!

वळणावर गाडी आली आणि समोर नदी, वर डोंगर, आणि डोंगरभर द्राक्षं. भिंतीसारखा चढ, त्यावर वेली. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. "हितं ब्लोअर कसा फिरवत्यात?" म्हणजे ट्रॅक्टरमागचा औषध फवारायचा पंखा. मी म्हटलं ट्रॅक्टर चढतच नाही, बरंचसं हातानं करतात, औषध हेलिकॉप्टरनं मारतात. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

चौकात आईला ते निमुळतं लाकडी घर फार आवडलं, 1416 सालचं. खाली अरुंद, वर रुंद, कधी पडेल असं वाटतं. नदीकाठी आजूबाजूच्या गावांचे स्टॉल. एका स्टॉलवर आमच्या अण्णांच्याच वयाचे एक आजोबा, बागायतदारच. हात बघून अण्णांनी ओळखलं. माझं जर्मन तेव्हा भाजी आणण्यापुरतं, डाऊनीला (द्राक्षाच्या पानावरचा केवडा रोग) काय म्हणतात मला कुठलं माहीत! अण्णांनी सजावटीतलं एक पान उलटं केलं आणि पाठीमागे बोटानं ठिपके ठिपके दाखवले. आजोबांनी कपाळाला हात लावला आणि जोरजोरात मान हलवली. झालं, पुढचा तासभर मी तिथं नसते तरी चाललं असतं.

खुंट कुठला, म्हणजे कलम कुठल्या मुळावर, हा अण्णांचा पुढचा प्रश्न. आपल्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम भरतात ना. तिथं कळलं की मोझेलच्या पाटीच्या दगडाच्या जमिनीत काही जुन्या वेली अजून स्वतःच्याच मुळावर उभ्या आहेत. युरोपभर मुळं खाणाऱ्या किडीनं बागा गेल्या, मग अमेरिकन खुंट आले, पण इथल्या काही वेली वाचल्या. आणि मांडव नाही, तारा नाही. एकेका वेलीला एकेक खांब, दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. अण्णा म्हणाले, "मजुरी किती जात असंल ह्येला!" आजोबांना मी ते कसंबसं सांगितलं तर ते म्हणाले, पोरगा हेच म्हणतो.

अण्णा माळकरी, त्यांनी द्राक्षाचा रस घेतला. आईनं मात्र माझ्या ग्लासातला एक घोट घेऊन बघितला आणि "आंबट आहे" म्हणून परत केला. थोड्या वेळानं परत मागितला.

तुमचेही लिहा. पिणारे, न पिणारे, नुसते बघे, सगळे चालतील.

माईनकाठी
आई रॉक्स 😂
आमचं वुर्झबुर्ग. इथे फेस्टची वाट बघावी लागत नाही, जुन्या पुलावर संध्याकाळी ग्लास घेऊन उभं राहायचं, दोन्ही बाजूला दगडी संत आणि वर किल्ला. ग्लासाचं डिपॉझिट घेतात, परत दिला की मिळतं. माझ्या सासूबाईंनी परत द्यायला साफ नकार दिला, "पैसे भरलेत ना आपण?" आता तो ग्लास सांगलीत आहे, त्यात उदबत्त्या ठेवतात.

मुलुंडची मावशी
लेकीकडे श्टुटगार्टला जातेय ऑगस्ट-सप्टेंबरात. आम्ही दोघंही पीत नाही. अशा ठिकाणी अवघडल्यासारखं होतं का? आणि शाकाहारी काय मिळतं?

माईनकाठी
@मावशी अजिबात नाही होत. लोक बाबागाडीसकट येतात, आज्या केक खात बसतात. द्राक्षाचा रस मागा, तोही त्याच शेतकऱ्याचा असतो, बाजारातल्यासारखा नाही.

चहाबाज
शाकाहारी: बटाट्याची थालीपिठं (कार्टोफेलपुफर) सफरचंदाच्या मुरांब्याबरोबर. पण त्यात अंडं असतं बहुतेक वेळा, चालत नसेल तर विचारा. फ्लामकूखनमध्ये (पातळ, पिझ्झासारखं) डुकराचे तुकडे असतात, बिनमांसाचं मागितलं तर मिळतं. कांद्याच्या केकमध्येही बेकन घालतात, नुसतं नाव वाचून घेऊ नका. पर्समध्ये लसणाची चटणी ठेवा. गंभीरपणे सांगतोय.

पेठेतला_पाहुणा
श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे मावशी तुम्ही माहेरीच चाललाय असं समजा. तिथलं वाईनचं गाव भर शहरात, मार्केट चौकाच्या आसपास भरतं. वेगळं कुठे जायलाच नको.

अर्धवट_जर्मन
बाड ड्युर्कहाइमला कोणी गेलंय का? नाव 'सॉसेजचा बाजार', आणि जगातला सगळ्यात मोठा वाईन फेस्ट म्हणवतात! सप्टेंबरचा दुसरा आणि तिसरा वीकेंड. तिथे ग्लास अर्ध्या लिटरचा, बाहेरून बोटं बसायला खळगे. माझा कलीग म्हणाला पूर्वी लोक सॉसेज खाऊन तेलकट हातांनी ग्लास धरायचे, निसटू नये म्हणून खळगे. एक ग्लास भरायचा आणि अख्ख्या बाकावर फिरवायचा, अनोळखी माणसांतसुद्धा. कोविडनंतर मला जरा धीरच होईना. जत्रेचं मूळ 1417 पर्यंत जातं, टेकडीवरच्या चॅपेलला यात्रेकरू यायचे, त्यांना शेतकरी हातगाड्यांवरून वाईन आणि खाणं विकायचे. हातगाड्या गेल्या, पण स्टॉलांच्या नावात अजून आहेत. आपल्या जत्रेतही देवळापेक्षा भेळेची गर्दी जास्त असतेच की.
आणि तिथला तो वाईनचा लाकडी पिंप! 1934 सालचा. 17 लाख लिटर मावतील एवढा. वाईन कधी भरलीच नाही, आत हॉटेल आहे.

चहाबाज
17 लाख लिटर म्हणजे टँकर किती झाले

पेठेतला_पाहुणा
10 हजारवाले 170. आमच्या सोसायटीला मे महिना पुरला असता.

जाई_नव्हे_जुई
मी जरा वेगळं लिहिते. आम्ही बॉनला राहतो. आर नदी इथून जवळ. आरवायलर हे चार वेशी आणि अख्खी तटबंदी शाबूत असलेलं छोटं गाव, तांबड्या वाईनसाठी प्रसिद्ध. इथे आलो तेव्हा पहिल्यांदा ज्या जर्मन बाईंनी घरी जेवायला बोलावलं त्या तिथल्या. दर सप्टेंबरला फेस्टला ओढून न्यायच्या. वेशीतून आत शिरलं की बँड, सजवलेल्या गाड्या, वाईन क्वीन (फेस्टची निवडलेली राणी) हात हलवत.

मग 14 जुलै 2021. रात्रीत नदी आली. एरवी घोट्याएवढं पाणी असतं हो तिला, मुलं दगड टाकत बसायची. दरीत 130 च्या वर माणसं गेली. आमच्या बाई माडीवर होत्या म्हणून वाचल्या. खालचं सगळं गेलं. आम्ही फावडी घेऊन गेलो. तळघरातून बाटल्या निघत होत्या, चिखलानं लडबडलेल्या. फेकायला कोणी तयार नव्हतं. मग त्या तशाच, न धुता विकल्या गेल्या, पुराची वाईन म्हणून, मदतनिधीसाठी. चाळीस लाख युरोंच्या वर जमले. आमच्याकडे एक आहे. माझा नवरा दर दिवाळीला फराळाचे डबे मांडताना तिला हलवतो आणि मी ओरडते, चिखल पडेल.

नंतर फेस्ट परत सुरू झाला तेव्हा गेलो. घरांवर पाण्याची रेघ दिसत होती, माझ्या डोक्याच्या बरीच वर. बाई म्हणाल्या आधी खाऊन घे, रडायचं नंतर.

तासगावकरीण
@जाई_नव्हे_जुई काय लिहू. 2019 ला आमच्याकडे कृष्णेचा पूर आला, मावशीचं घर सांगलीवाडीत. ती रेघ आम्हीपण रंगाच्या खालून ओळखतो. बाई कशा आहेत आता?

जाई_नव्हे_जुई
मजेत. ऐंशीच्या पुढे आहेत. खालच्या मजल्यावर आता फक्त सायकली ठेवतात. तुझ्या मावशीला नमस्कार सांग.

रूममेट_पीडित
मूड बदलतो जरा. फेडरवाइसर माहितेय? नवी, अजून आंबणारी वाईन, सप्टेंबर-ऑक्टोबरातच मिळते. बाटलीचं झाकण घट्ट नसतं कारण आत गॅस तयार होत असतो. बाटली उभीच ठेवायची, हे दुकानातली बाई हातवारे करून सांगते. आमच्या रूममेटनं फेस्टहून येताना ती बॅगेत आडवी घातली, वर त्याचा एकुलता एक सूट (सोमवारी इंटरव्ह्यू). ट्रेनच्या डब्यात वास सुटला, लोक आमच्याकडे बघायला लागले. समोरच्या आजी मात्र शांतपणे पिशवीतून टिश्यूचं अख्खं पाकीट काढून म्हणाल्या, "दरवर्षी कोणीतरी असतंच."

चहाबाज
नोकरी मिळाली का

रूममेट_पीडित
मिळाली. पार्टीला फेडरवाइसरच आणली गाढवानं.

निफाडकर
तासगावकरीण ताई, वडिलांचा प्रश्न बरोब्बर आहे. आमच्याकडे सोनाका, थॉमसन खायची द्राक्षं, घड मोठा, मणी मोठा पाहिजे, साल पातळ. वाईनच्या द्राक्षाचा मणी छोटा, साल जाड, बी असते. खाऊन बघितलं तर पोरं थुंकतात. आणि तिकडे वर्षातून एकदाच छाटणी, थंडीत वेल झोपते. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड (काडी तयार करायची छाटणी) आणि ऑक्टोबरला गोडी. रिझलिंग हे वाईनचं द्राक्ष ते ऑक्टोबरला तोडतात, म्हणजे त्यांची तोडणी नि आपली छाटणी एकाच सुमारास. यंदा तासगावकडे काडी कशी आहे? आमच्याकडे मे-जूनच्या पावसानं घडनिर्मितीचा घोळ झालाय.

तासगावकरीण
@निफाडकर दादा म्हणतो काही बागांत घडच दिसेनात, नुसती बाळी (वेलीचे ताणे). व्यनि करते.

पेठेतला_पाहुणा
बेर्नकास्टेलला गेलात तर पूल ओलांडून कूसच्या बाजूला जाच. सगळे चौकात फोटो काढून परत फिरतात. तिकडे निकोलाउस कुसानुसचं हॉस्पिटल आहे. नावेवाल्याचा मुलगा, जन्म 1401, पुढे कार्डिनल झाला. त्यानं 1458 मध्ये 33 म्हाताऱ्या माणसांसाठी आश्रम काढला, ख्रिस्ताचं वय 33 म्हणून. तिथे आजही वृद्धाश्रम आहे, खर्चाला द्राक्षबागा लावून दिल्या त्या आजही आहेत. देवस्थानाला इनाम जमीन असते तसंच. त्याचं शरीर रोममध्ये पुरलंय आणि हृदय इथल्या चॅपेलमध्ये. मी गेलो तेव्हा बाहेर ढोल-ताशाचा जर्मन अवतार चालू होता आणि आत अंगणात एक आजोबा पेपर वाचत बसले होते, कानात कापूस.

मुलुंडची मावशी
हे छान आहे, जावयाला सांगते. पण गणपतीत येतं ना हे सगळं? लेक म्हणतेय दीड दिवसाचा बसवणार.

माईनकाठी
@मावशी दरवर्षीचा गोंधळ आहे तो. आमच्या मंडळाचा गणपती नेहमी फेस्टच्याच वीकेंडला येतो, हॉल मिळत नाही, पार्किंग मिळत नाही. एकदा नऊवारी नेसून आम्ही पुलावरून जात होतो तर लोकांना वाटलं आम्ही मिरवणुकीतल्याच आहोत, टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी हात हलवला, वाईन क्वीनसारखा.

चहाबाज
ग्लासवाल्याच का याही 😂

माईनकाठी
त्याच!

मुलुंडची मावशी
तांदळाची पिठी मिळते का तिथे, की इथून आणू? आणि बेर्नकास्टेलला रेल्वे जाते का?

तासगावकरीण
पिठी एशियन दुकानात मिळते, पण उकडीला थाई पिठी चिकट होते, इथून आणा. रेल्वे थेट नाही. विटलिशला उतरून बस. परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा मावशी, आणि जावईबापू गाडी चालवणार असतील तर त्यांनाही रसच.

अर्धवट_जर्मन
थाई पिठीतली लाल अक्षरांची घ्या, ती साध्या तांदळाची. हिरवी चिकट तांदळाची. की उलटं?

जाई_नव्हे_जुई
बरोबर आहे. हिरवी चिकट. पण मोदकाला लाल पण तुटते गं, मावशी तिकडूनच आणा.